‘कोर्ट’, ‘द डिसायपल’ आणि व्हेनिसचा रस्ता

मध्यांतर:

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की या दोन मराठी चित्रपटांचा दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे याच्या डोक्यावर मेक्सिकोच्या नामवंत दिग्दर्शक अल्फोन्सो कुआरोनचा हात होता, म्हणून त्याला व्हेनिसचा चित्रपट महोत्सव मिळाला. तिथे विषय वेगळा चालला होता, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतोय. क्रमच उलटा सांगितला जातोय आणि त्यात त्या मुलाची सगळी मेहनत वाहून जाते, हे मला फार लागलं.

‘कोर्ट’, म्हणजे गाण्यातून एका गटारकामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केलं या आरोपावरून एका दलित शाहिरावर चाललेला खटला. तो व्हेनिसला दाखवला गेला २०१४ साली. ओरिझोंती या नव्या धाटणीच्या चित्रपटांच्या विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट, शिवाय पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा ‘लायन ऑफ द फ्युचर’ पुरस्कार, असे दोन्ही मिळाले. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. कुआरोनशी त्याची गाठ पडली ती नंतर. २०१६-१७ च्या रोलेक्स या घड्याळ कंपनीच्या गुरू-शिष्य उपक्रमात कुआरोनने त्याची निवड केली, तेव्हा ‘कोर्ट’ जगभर फिरून, राष्ट्रीय पुरस्कार घेऊन, भारताची ऑस्कर प्रवेशिका होऊन परत आलेला होता.

मग पहिलं दार कशानं उघडलं? मला दिसतं ते असं. मिठीबाई कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकलेला मुंबईचा मुलगा. बालाजी टेलिफिल्म्समध्ये मालिकालेखन केलं. २००६ मध्ये, म्हणजे विशीच्या आत, भारतीय सिनेमातल्या उचलेगिरीवर माहितीपट केला. पुढे ‘ग्रे एलिफंट्स इन डेन्मार्क’ हे नाटक लिहून बसवलं. मग ‘सिक्स स्ट्रँड्स’ हा लघुपट, जो परदेशातल्या काही महोत्सवांत गेला. यातल्या कशानंही घर चालत नव्हतं. नाटकात काम केलेल्या विवेक गोम्बरने तेव्हा त्याला सांगितलं की तू लिही, महिन्याचा खर्च मी देतो. गोम्बर तेव्हा निर्माता नव्हता, नट होता. त्या पैशावर ‘कोर्ट’ची संहिता लिहून झाली, आणि ती वाचून रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाने पटकथा-विकासासाठी अनुदान दिलं. चित्रपटासाठी पैसे द्यायला दुसरं कुणी पुढे येईना, तेव्हा गोम्बरच निर्माता झाला आणि बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिकाही त्यानेच केली.

माझ्या मते सगळ्यात निर्णायक गोष्ट हीच. कुणीतरी त्याच्यासाठी वेळ विकत घेतला. कॅमेरा, नट, परदेशवारी हे सगळं नंतरचं. लिहिणाऱ्या माणसाला शांतपणे कोर्टांत जाऊन बसता यावं, वकिलांशी बोलता यावं, खरडलेलं फाडून पुन्हा लिहिता यावं, एवढी मोकळीक आपल्याकडे फार थोड्यांना मिळते.

तुमचं काय मत? आणि आपल्या इतर मंडळींचे रस्ते कसे होते, तेही लिहा.

—

पुणेरी_रीळ:

धागा छान. पण सुरुवात ताम्हाणेंपासून करू नये, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीपासून करावी. ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसला गेला आणि तिथल्या उत्तम तीन चित्रपटांत गणला गेला. त्याचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांना तेव्हा ना कुठला फंड होता, ना विक्री एजंट. चित्रपट पुण्यात झाला, इथल्याच प्रेक्षकासाठी झाला.

त्यानंतर चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’, फ्रान्सचा कान महोत्सव, १९४६, ग्रां प्री. मग सत्यजित राय. ‘पथेर पांचाली’चा सगळ्यात पहिला खेळ १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये झाला, कोलकात्याला तो नंतर लागला. पैशांसाठी रायांनी विमा पॉलिसी मोडली, पत्नीचे दागिने गहाण टाकले आणि शेवटी पश्चिम बंगाल सरकारने हात दिला. १९५७ मध्ये ‘अपराजितो’ला सुवर्णसिंह, म्हणजे व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार. तुम्ही म्हणता तो वेळेचा मुद्दा इथेही लागू पडतो, कारण ‘पथेर पांचाली’चं चित्रीकरण पैशांअभावी वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांत झालं.

‘मॉन्सून वेडिंग’ने २००१ मध्ये सुवर्णसिंह आणला. त्यानंतर व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट थेट २०२० मध्ये दिसला, तो ‘द डिसायपल’. मध्ये जवळपास दोन दशकं गेली. आणि तो मराठी होता, याचा मला आजही अभिमान वाटतो.

—

सावली_उन्हाची:

मी थोडी विरोधात बोलते. राग मानू नका.

युरोपातल्या महोत्सवांना आपल्याकडून काय हवं असतं, हे आता सगळ्यांना कळलंय असं वाटतं. गटारात मेलेला कामगार, दलित शाहीर, बधिर न्यायव्यवस्था. कॅमेरा एका जागी, माणसं लांब, पार्श्वसंगीत नाही. हे सगळं एकत्र केलं की निवड होते, असं माझं निरीक्षण आहे. ‘कोर्ट’ मला प्रामाणिक वाटला, पण तो आपल्यासाठी केलाय की तिकडच्यांसाठी, हा प्रश्न मनातून जात नाही. माझ्या आईला तो अर्धा तासही बघवला नाही. ती अडाणी नाही, आयुष्यभर नाटकं बघत आलीय.

—

विधिज्ञ:

सावलीताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी सत्र न्यायालयात फौजदारी प्रॅक्टिस करतो, त्यामुळे माझं उत्तर कोर्टातूनच देतो.

‘कोर्ट’मध्ये एक पंच, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्याचा साक्षीदार, साक्षीला येतो. उलटतपासणीत बचाव पक्षाचे वोरा वकील हळूहळू दाखवून देतात की हाच इसम पोलिसांच्या इतरही केसेसमध्ये पंच आहे. आम्ही याला ठरलेला पंच म्हणतो. फौजदारीतल्या कुठल्याही वकिलाला हा माणूस भेटलेला असतो, पण पडद्यावर तो मी पहिल्यांदाच पाहिला. आपल्या सिनेमातल्या कोर्टात टेबलावर मुठी आपटतात, शेवटच्या क्षणी साक्षीदार धावत येतो. खऱ्या कोर्टात काय होतं? साक्षीदार बोलत असतो, मध्येच न्यायाधीश त्याला थांबवून टायपिस्टला वाक्य सांगतात, पुढची तारीख पडते आणि आरोपी पुन्हा आत जातो. बिनबाह्यांचा ड्रेस घालून आलेल्या बाईचं प्रकरण ऐकायलाच न्यायाधीश नकार देतात, तो प्रसंग आठवा. त्यात कुणी खलनायक नाही. न्यायाधीश सदावर्ते साहेब सभ्य आहेत, नियमाने चालतात.

आणि त्या मृत कामगाराच्या विधवेची साक्ष. नवरा मॅनहोलमध्ये उतरण्याआधी झुरळं बाहेर येतात का ते बघायचा, कारण झुरळ जिवंत म्हणजे आत हवा आहे. वास सहन होत नाही म्हणून पिऊन उतरायचा. संरक्षक साधनं दिली होती का, तर नाही. सरकारी पक्ष म्हणतो शाहिराच्या गाण्याने आत्महत्येला प्रवृत्त केलं, आणि ही बाई शांतपणे जे सांगते त्यात ती केसच विरघळून जाते. असं काम करून घेण्यावर २०१३ चा कायदा आहे, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या वारसांना १० लाख भरपाईचा आदेश दिला, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरी माणसं उतरतातच. हे इटालियन माणसासाठी लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही. झुरळाचा तपशील तिथल्या कुणी मागितला नव्हता.

—

सावली_उन्हाची:

विधिज्ञ, झुरळाचा प्रसंग मी विसरले नव्हते, पण पंचाबद्दल तुम्ही लिहिलंत ते आता नव्याने कळलं. तरी एक राहतंच. महोत्सवाला आवडणारी एक शैली तयार होते आणि नवी मुलं तिच्या मागे लागतात, याकडे डोळेझाक करू नका.

—

मध्यांतर:

सावली, शैलीच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. नक्कल करणारे भरपूर आहेत. पण ‘कोर्ट’मधला लांबचा कॅमेरा मला कथेतूनच आलेला वाटतो. न्यायालयात बाकावर बसलेल्या माणसाला जेवढं दिसतं, तेवढंच आपल्याला दिसतं. आणि तो चित्रपट न्यायालयाबाहेरही जातो. सरकारी वकील नूतन संध्याकाळी मुलाला घेऊन घरी जाते, स्वयंपाक करते, कुटुंबासह परप्रांतीयांची टिंगल करणारं मराठी नाटक बघायला जाते. वोरा सुपरमार्केटमध्ये चीज आणि वाइन घेतात, गाडीत जॅझ ऐकतात. एकाच खटल्यातली दोन माणसं एकाच शहरात किती वेगळी राहतात! मराठी घरातली नूतन (गीतांजली कुलकर्णींनी काय केलीय ती!) आपल्याला जेवढी बोचते तेवढी व्हेनिसच्या ज्युरीला बोचणं शक्य नाही. त्या नाटकाला हसणारा प्रेक्षक आपलाच आहे.

—

नागपूरकर:

वीरा साथीदारांचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. ‘कोर्ट’मधल्या शाहिराची, नारायण कांबळेची, भूमिका करणारे साथीदार हे आमच्या नागपूरचे. आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. अभिनय हा त्यांचा पेशा नव्हता. शाहिरी स्टेजवर त्यांचा आवाज उभा राहतो तेव्हा मागे संभाजी भगतांची गाणी आहेत, म्हणजे तीही चळवळीतलीच. परदेशात गेलेला चित्रपट म्हणून आपण दिग्दर्शकाबद्दल बोलतो ते ठीक आहे, पण तो चित्रपट ज्यांच्या अंगावर उभा आहे ती माणसं महोत्सवांच्या कित्येक वर्षं आधीपासून रस्त्यावर होती.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाने साथीदार गेले. आठवड्याच्या आतच दिग्दर्शिका सुमित्रा भावेही गेल्या, ज्यांचा आवाज ‘द डिसायपल’मध्ये गानगुरू माईंचा आहे. ताम्हाणेंच्या दोन चित्रपटांतले दोन आवाज सहा दिवसांच्या अंतराने थांबले. ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर आला तो ३० एप्रिलला. मी तो त्याच रात्री पाहिला आणि माईंचं बोलणं सुरू झाल्यावर पुढचं काही वेळ दिसलंच नाही.

—

खर्जातला_सा:

नागपूरकर, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायला बसले. मी ख्याल शिकते, बरीच वर्षं झाली, मैफल अशी माझी कधी झाली नाही. त्यामुळे ‘द डिसायपल’ माझ्यासाठी निव्वळ सिनेमा नाही.

त्यातला गाणं शिकणारा शरद रात्री मोटरसायकलवरून रिकाम्या मुंबईतून जातो आणि कानात माईंची ध्वनिमुद्रित प्रवचनं चालू असतात. मागे तानपुरा. गाडी इतकी संथ चालते की ती चालतेय की तरंगतेय कळत नाही. माई सांगतात की या साधनेला तयारी लागते, त्याग लागतो, भुकेलं राहावं लागतं. आणि तो मुलगा ते पितो. आमच्यातल्या प्रत्येकाकडे अशी एखादी कॅसेट असते. तिने आम्हाला उभं केलं आणि तिनेच अपराधीही केलं. हे इतक्या नेमकेपणाने कुणी दाखवेल असं वाटलं नव्हतं.

आता परदेशी महोत्सवांचा मुद्दा. या चित्रपटात शरदची भूमिका करणारे आदित्य मोडक स्वतः गाणारे आहेत. गुरुजी झालेले अरुण द्रविड जयपूर-अत्रौली घराण्याचे, मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई आमोणकरांकडे शिकलेले. संगीताची बाजू अनीश प्रधानांनी पाहिली. आपल्याकडच्या सिनेमात गवई दाखवायचा म्हणजे नटाने हात हलवायचे आणि आवाज दुसऱ्याचा, हीच रीत. इथे गळाही खरा, बसणंही खरं, तानपुऱ्यावर मागे बसलेल्या शिष्याची गुरूवरून न ढळणारी नजरही खरी. स्वर लागत नाही तेव्हा तो नेमका कुठे लागत नाही, हे जाणकाराला ऐकू येतं. पोलंडच्या मिखाउ सोबोचिन्स्कीने कॅमेरा केला, पण त्याच्या कॅमेऱ्यासमोर जे होतं ते शंभर टक्के आमच्या बैठकीतलं होतं.

माझी तक्रार एकच. शरदच्या आयुष्यात गाण्याचा आनंद फार कमी दाखवलाय. अपयशी माणसालाही एखाद्या पहाटे षड्ज असा लागतो की दिवसभर कुणाशी बोलू नये वाटतं. तो एक क्षण हवा होता.

—

विधिज्ञ:

खर्जातला_सा, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

—

पुणेरी_रीळ:

खर्जातला_सा, तुमच्या तक्रारीशी मी सहमत नाही. तो आनंद मुद्दाम रोखून धरलाय, नाहीतर शेवट कोसळला असता. पण त्यावर वेगळा धागा काढू, इथे फाटे फुटतील.

मूळ विषयाकडे येतो. कुआरोनकडून ताम्हाणेंना काय मिळालं, यावर नीट बोललं पाहिजे. कुआरोनचा ‘रोमा’ मेक्सिको शहरात होत असताना ताम्हाणे तिथे होते. स्वतःच्या बालपणाची गल्ली, स्वतःच्या घरातली मोलकरीण, तिथली भाषा, यावर एवढा मोठा दिग्दर्शक एवढा जीव टाकतोय, हे त्यांनी जवळून पाहिलं. तोच चित्रपट २०१८ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह घेऊन आला. ‘द डिसायपल’ला कुआरोन कार्यकारी निर्माता म्हणून जोडले गेले. नावाचा फायदा झालाच असणार, कोण नाकारतंय? पण व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार ताम्हाणेंनी लिहिलेल्या पानांना मिळाला, आणि फिप्रेस्की या समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचाही पुरस्कार चित्रपटाला मिळाला. निर्माता दोन्ही वेळा गोम्बरच होता, हे विसरू नये.

—

रंगीत_तालीम:

नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहितोय. वय २४, कोल्हापूर जिल्ह्यातला. मित्रांना घेऊन २२ मिनिटांचा लघुपट केलाय. फिल्म इन्स्टिट्यूट नाही, मुंबईत ओळख नाही. गोम्बरसारखा मित्र सगळ्यांना कुठून मिळणार? इथल्या जाणकारांनी सांगावं की आमच्यासारख्यांनी नेमकं काय करायचं.

—

मध्यांतर:

रंगीत_तालीम, स्वागत. तुमच्यासाठी ताम्हाणेपेक्षा रोहन परशुराम कानवडेचं उदाहरण जवळचं आहे. मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेला, इंटिरिअर डिझाइनचं शिक्षण घेतलेला, सिनेमा स्वतःच शिकलेला मुलगा. आधी लघुपट करत राहिला. वडील गेल्यावर गावी दहा दिवस सुतक पाळताना ‘साबर बोंडं’चं बीज पडलं. पुढे ती कल्पना व्हेनिस बिएनालेच्या कॉलेज सिनेमा कार्यशाळेत घडली, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. गावाकडच्या दोन पुरुषांमधलं प्रेम, तेही सुतकाच्या दिवसांत, मराठीत! आपल्याकडे कुणा निर्मात्याला ही गोष्ट ऐकवली असती तर काय झालं असतं याची कल्पना करा.

पायल कपाडियाचा रस्ता आणखी वेगळा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची (एफटीआयआय) विद्यार्थिनी असताना लघुपट २०१७ मध्ये कानच्या विद्यार्थी विभागात गेला. २०२१ मध्ये तिच्या माहितीपटाला कानला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ २०२४ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत गेला. शाजी करुण यांच्या ‘स्वाहम’नंतर तीस वर्षांनी भारतीय चित्रपट तिथे पोहोचला आणि थेट ग्रां प्री घेऊन आला. पैसा फ्रान्स, भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग अशा अनेक देशांतून जमलेला. त्यातली रत्नागिरीकडे परत निघालेली पार्वती, म्हणजे आपल्या छाया कदम.

तिघांचे रस्ते वेगळे, पण तिघंही लघुपट किंवा माहितीपटापासून सुरू झाले, आणि तिघांचीही वर्षं संहितेवर गेली.

—

पुणेरी_रीळ:

आणि घरची वागणूक? फिल्म फेडरेशनने ऑस्करसाठी ना ‘द डिसायपल’ पाठवला (त्या वर्षी ‘जल्लीकट्टू’ गेला), ना पायलचा (तेव्हा ‘लापता लेडीज’). ‘जल्लीकट्टू’ उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘कोर्ट’ आमच्या शहरात लागला तेव्हा एका थिएटरने त्याला दुपारचा एकच खेळ दिला आणि आठवड्यात उतरवला. नोकरदार माणसाने कधी बघायचा? व्हेनिसमध्ये आपल्या माणसाला उभं राहून टाळ्या मिळतात आणि इथे त्याला संध्याकाळचा खेळ मिळत नाही, याचा मला मनापासून संताप येतो. मराठी प्रेक्षक असले चित्रपट बघत नाही, हे वाक्य तो खेळ न देणारेच म्हणतात.

—

सावली_उन्हाची:

हे मात्र शंभर टक्के खरं. आईला मी ‘कोर्ट’ लॅपटॉपवर दाखवला होता. थिएटरच्या अंधारात तिने तो नक्की पूर्ण पाहिला असता.

—

ध्वनिमुद्रण:

रंगीत_तालीम यांच्या प्रश्नावर थोडं कामाचं बोलतो. मी साउंडमध्ये आहे, महोत्सवांसाठी पाठवायच्या फिल्म्सवर काम केलंय.

पहिलं म्हणजे फिल्म यूट्यूबवर टाकू नका. मोठे महोत्सव पहिल्या खेळाचा मान मागतात, आणि एकदा ऑनलाइन उघडी पडलेली फिल्म बरेच जण घेत नाहीत. पासवर्डवाली लिंक ठेवा. दुसरं, प्रवेश शुल्क. प्रत्येक ठिकाणी पैसे भरत बसलात तर लघुपटाच्या खर्चाएवढे जातील. आधी त्या महोत्सवाने गेल्या काही वर्षांत कोणत्या फिल्म्स घेतल्या ते बघा, आपली फिल्म त्या घरात शोभेल का ते ठरवा. सवलत मागायला लाजू नका, पत्र लिहिलं तर काही ठिकाणी मिळते. गोव्याचा फिल्म बाजार आहे, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ (एनएफडीसी) भरवतं, २००७ पासून. परदेशी महोत्सवांसाठी फिल्म निवडणारी माणसं तिथे येतात, त्यामुळे पहिल्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही.

आणि निवडणारी माणसं दिवसाला ढिगाने फिल्म्स बघतात. पहिल्या दोन मिनिटांत संवाद ऐकू आला नाही तर पुढे जातात. तुमच्या फिल्मचा आवाज कसा आहे?

—

रंगीत_तालीम:

खूप आभार सर. आवाज कॅमेऱ्यावरचाच आहे. उसाच्या फडात शूट केलंय, वारा फार होता. यूट्यूबवर अजून टाकलेली नाही, पण गावातल्या सगळ्यांना रविवारी देवळासमोर पडदा लावून दाखवणार आहोत. त्याने काही बिघडेल का?

—

ध्वनिमुद्रण:

सहसा काही बिघडत नाही, अवश्य दाखवा. गावात दाखवलेल्या खेळाला बहुतेक जण प्रीमिअर धरत नाहीत, तरी जिथे पाठवणार त्या महोत्सवाचे नियम आधी वाचा. उलट लोक कुठे हसतात, कुठे चुळबुळतात ते मागे उभं राहून बघा आणि लिहून ठेवा.

वाऱ्याचा आवाज नंतर थोडाफार कमी करता येतो, पण संवाद गेले असतील तर ते नट घेऊन त्याच फडात पुन्हा जा, ऊस तुटायच्या आत. कॅमेरा नको, नुसतं रेकॉर्डिंग करा. पहाटे वारा पडलेला असतो. फडाचा नुसता आवाजही पाच-दहा मिनिटं घेऊन ठेवा, कुणीही न बोलता. फाइल्स झाल्या की मला निरोप टाका, ऐकून सांगतो.

—

रंगीत_तालीम:

तोडणी पुढच्या आठवड्यात आहे. उद्याच पहाटे जातो.